पितळ उघडे पाडण्याचे घरगुती उपाय

अहिल्यानगर जिल्ह्यात पितळेची दोन घराणी नांदतात. पहिले कासाराच्या दुकानातून घरात येते: समया, निरांजने, घंगाळ, हंडा, आजीच्या रुखवतातला डबा. दुसरे कॅम्पातून येते: पट्ट्याचे बक्कल, टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची अक्षरे आणि तोफगोळ्याची रिकामी पुंगळी. पहिल्याची जागा देवघरात आणि माळ्यावर. दुसऱ्याची दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, मुलाच्या लग्नाच्या फोटोशेजारी. एरवी दोघांचे एकमेकांकडे जाणेयेणे नसते. दसरा जवळ आला की मात्र दोन्ही घराणी मोरीत एकाच परातीत उतरतात आणि घरात वाद पेटतो: पुंगळी घासायची कशाने?

नगरला हा वाद मुबलक, कारण इथे पुंगळीच मुबलक. (सरकारदरबारी २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले असले, तरी एसटीच्या रांगेत अजून 'नगर'च मागितले जाते.) भिंगारला लागून असलेल्या कॅम्पात १९४८ पासून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, देशभरचे जवान रणगाडा चालवायला तिथे शिकतात. १९७९ साली उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे केंद्रही नगरलाच. लष्करी वाहनांचे संशोधन करणारी व्हीआरडीई इथे, १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय इथे, आणि खारे कर्जुने गावाच्या आद्याक्षरांवरून ओळखले जाणारे के. के. रेंज हे सराव मैदानही इथेच. लांबवर 'धुडुम्' झाले की नगरकर आधी आभाळाकडे पाहतो. ढग दिसत नाहीत, तेव्हा 'रेंज चालू आहे' म्हणतो आणि उरलेला चहा संपवतो. ढग न दिसणे ही या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात तशी सवयीचीच गोष्ट.

धातू आणि तोफा यांचे इथले नाते निजामशाहीपासूनचे. विजापूरच्या शेरझा बुरुजावर बसलेली मुलूखमैदान तोफ मूळची नगरची. १५४९ साली रूमी खानाने ती इथे ओतली. चौदा फुटांच्या आसपास लांबी, आणि वजन पंचावन्न टन असे सांगतात. ती पितळेची नव्हे, कांशाच्या कुळातली, म्हणजे तांबे आणि कथील यांची. १८५४ साली इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची. टनाला पावणेतीन रुपयेही पडत नाहीत. पुढे तो व्यवहार रद्द झाला आणि तोफ जागेवर राहिली. बोली लावणाऱ्याने ती बुरुजावरून उतरवायची कशी, याचा विचार केला होता की नाही कोण जाणे; पण नगरच्या एखाद्या भंगारवाल्याने आधी भाव पाडला असता आणि मग 'उचलून देणार असाल तर बघू' म्हटले असते, यात शंका नाही. इंग्रजी गॅझेटियरातही नगरच्या उद्योगांत साड्यांच्या विणकामाबरोबर तांब्यापितळेच्या भांड्यांची नोंद आहे. तेव्हा या गावाला धातू कळत नाही, असे कोणी म्हणू नये.

आता पुंगळी म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकलेले बरे. काडतुसाच्या पुढच्या टोकाला गोळी असते, मध्ये दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी, आणि या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारे पितळी वेष्टन. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी चेपते. मागे वेष्टन उरते. तीच पुंगळी. हे पितळ सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे असते, आणि ते उगीच निवडलेले नाही. या प्रमाणात धातू इतका लवचीक राहतो की चपट्या चकतीपासून ओढत ओढत त्याची लांब नळी करता येते. बार उडताना पुंगळी क्षणभर फुगते, बंदुकीच्या खोबणीला चिकटून मागे येणारा वायू अडवते आणि लगेच आक्रसून मोकळी होते. फुगल्यावर इतक्या तत्परतेने मूळ मापाला येण्याचा हा गुण जिल्ह्याच्या सहकारी पुढाऱ्यांत अजून आढळलेला नाही.

शोकेसमधली पुंगळी बहुधा तोफेची असते. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली आणि नंतरही कित्येक वर्षे भारतीय सैन्यात राहिलेली पंचवीस पौंडी तोफ ही या फुलदाण्यांची खरी जन्मदात्री. तिची पुंगळी फूटभर उंच, रुंद तोंडाची आणि बुडाला जड. वाऱ्याने पडत नाही, मांजराने पडत नाही, नातवाने ओढली तरी नातूच पडतो. जगभरात पहिल्या महायुद्धापासून सैनिकांनी अशा पुंगळ्यांवर वेलबुट्टी कोरून त्यांच्या फुलदाण्या, राखदाण्या, घंटा केल्या. आपल्याकडे एवढे कोरीवकाम क्वचितच होते. पलटणीचे नाव, साल आणि 'सप्रेम भेट' एवढ्यावर भागते. आत प्लास्टिकचे गुलाब.

मात्र या वंशाला आता उतरती कळा लागली आहे. टी-७२ रणगाड्याच्या १२५ मिलिमीटर तोफेत दारूचे वेष्टन गोळ्याबरोबरच जळून जाते. मागे राहते ते पोलादी बूड, जेमतेम राखदाणीच्या मापाचे, आणि राखदाणी ठेवायला आता सूनबाई परवानगी देत नाहीत. युद्धशास्त्राने प्रगती केली, दिवाणखान्याची सोय गेली.

बंदुकीच्या लहान पुंगळ्यांची गोष्ट वेगळी. त्या घरापर्यंत सहसा पोहोचतच नाहीत, कारण त्यांचा हिशेब असतो. एनसीसीच्या कॅम्पात .२२ च्या रायफलीने चार गोळ्या झाडलेल्या कोणालाही विचारा. गोळ्या लक्ष्याला लागल्या की शेजारच्या टेकडीला, याची फिकीर उस्तादांना नसते. 'खाली खोखा' मोजून परत आला की नाही, याची असते. एक कमी भरला की सगळी तुकडी गवतात ओणवी. सैन्यात काय, पोलिसांत काय, झाडलेल्या गोळीपेक्षा उरलेल्या पुंगळीची नोंद अधिक काटेकोर. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या पुंगळीला तर पंचनाम्यात पंचांइतकाच मान: तिच्या बुडावर बंदुकीच्या पिनेने उठवलेला ठसा पाहून ती कोणत्या हत्यारातून निघाली, हे प्रयोगशाळेत सांगता येते. असली पुंगळी चिंचेने लखलखीत करून पोलिसांच्या हाती दिली, तर साहेब आभार मानणार नाहीत.

अमेरिकेत मात्र पुंगळ्या घासणे हा लाखो लोकांचा उद्योग आहे. तिथे नेमबाज आणि शिकारी वापरलेल्या पुंगळ्या गोळा करतात, स्वच्छ करतात, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घालून पुन्हा वापरतात. एक चांगली पुंगळी अशी अनेक जन्म घेते. आपल्याकडे कायद्याच्या आणि परवान्याच्या चौकटीत हा छंद फारसा रुजलेला नाही. शिवाय ऑलिंपिकमधले आपले बरेचसे यश ज्या बंदुकीशी बांधलेले आहे ती हवेची, तिला पुंगळीच नसते; कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, ते मात्र .२२ च्या रायफलीवर. या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि ती कड एकदा चेपली की पुंगळीचा दुसरा जन्म नाही. म्हणजे जिथे पुंगळी घासून उपयोग आहे तिथे ती हाती लागत नाही, आणि जिथे हाती लागते तिथे तिच्यात फक्त फुले ठेवायची असतात. तरीही घासण्याच्या पद्धतींवरून भांडणे तिकडेही तीच आणि इकडेही तीच.

घरगुती द्रावणांतले सर्वांत जुने आणि सर्वांत हट्टी घराणे चिंचेचे. मूठभर जुनी चिंच, गरम पाणी, चिमूटभर नव्हे तर चांगले सढळ हाताने मीठ, आणि घासायला नारळाची शेंडी. या घराण्याची सूत्रे ज्या बाईच्या हाती असतात, तिला रसायनशास्त्र सांगायला जाऊ नये. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, ते पितळेवरचा काळा ऑक्साइडचा थर विरघळवते आणि मिठातले क्लोराइड त्या कामाला हात देते, हे खरे आहे. पण तिचे उत्तर एका वाक्याचे असते: 'आमच्या आईकडे असेच घासत.' या विधानाचे खंडन आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत झालेले नाही.

गंमत अशी की जी चिंच बाहेरून लावली की पितळ उजळते, तीच आमटीत घालून बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवली की आमटी कळकते. क्रिया तीच. आम्लाने तांबे सोडवून घेतले, एवढेच. एकदा ते राखेबरोबर मोरीत गेले आणि एकदा सासऱ्यांच्या ताटात. पहिल्याला स्वच्छता म्हणतात आणि दुसऱ्यानंतर डॉक्टरकडे जावे लागते.

दुसरे घराणे लिंबाचे. श्रीगोंद्याकडचा माणूस याला अपवाद असूच शकत नाही. तालुका कागदी लिंबांसाठी प्रसिद्ध, आणि भाव पडले की लिंबे नेमकी कशाला लावायची हा प्रश्न तिथे दर मोसमात पडतो. पिळून उरलेली फोड मिठात बुडवून पुंगळीवर फिरवली की तपकिरी थराखालून पिवळा पट्टा दिसू लागतो, आणि तो पहिला पट्टा पाहण्यात जे सुख आहे ते पुढच्या अर्ध्या तासाच्या घासण्यात नाही. नवी पिढी लिंबाऐवजी थेट सायट्रिक अ‍ॅसिडची पुडी आणते, ढोकळ्यासाठी आणलेलीच. एक लिटर कोमट पाणी, चहाचा एक चमचा ही पूड, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटे. जगभरातले पुंगळीवाले याच पाककृतीवर येऊन थांबले आहेत. हे सायट्रिक अ‍ॅसिड आता लिंबापासून बनतच नाही. काळ्या बुरशीला मळी किंवा साखर खाऊ घालून कारखान्यात करतात, आणि ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी उभा केला, त्या जिल्ह्याला मळीचे कौतुक नव्याने सांगायला नको. पण उसाच्या पट्ट्यातला माणूस लिंबाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे ऐकवतो तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

ताकवाले थोडे. आंबट ताकात पुंगळी रात्रभर ठेवली की काम होते, पण सकाळी त्या ताकाची कढी होणार नाही हे घरातल्या प्रत्येकाला निक्षून सांगावे लागते.

राख आणि रांगोळी या घराण्यांत आम्लच नाही. राखेत पोटॅशचा क्षार असतो, तो तेलकटपणा काढतो. बाकी काम तिचे बारीक कण करतात. रांगोळी म्हणजे तर दगडाचे पीठ. ती डाग काढते आणि त्याबरोबर थोडे पितळही. घंगाळाला याचे काही वाटत नाही, त्याची कातडी जाड. रायफलीच्या पुंगळीवर मात्र रांगोळीने पडलेले ओरखडे पुढे बंदुकीच्या खोबणीत जातात. रिठ्याचे पाणी ही त्यातल्या त्यात सभ्य गोष्ट: फेस होतो, काजळी सुटते, कोणाचा अपमान होत नाही.

मग ठाण्याहून पितांबरी आली. १९८९ साली स्थापन झालेल्या या मराठी कंपनीने चिंच, राख, रांगोळी या तिन्ही घराण्यांचा एका पुडीत समेट घडवला आणि मोरीतली निम्मी चर्चा संपवली. उरलेली निम्मी 'पितांबरी ओल्या हाताने लावायची की कोरड्या' यावर चालते.

खरी धास्ती शोधकांची असते. इंटरनेटवर पाहून कोणी टोमॅटो सॉस फासतो. सॉसमध्ये व्हिनेगर आणि मीठ दोन्ही असल्यामुळे तो चालतोही, पण पुंगळी आठवडाभर समोशाची आठवण करून देते. कोणी काळ्या शीतपेयात बुडवतो. त्यातले फॉस्फोरिक आम्ल गंज काढते, साखर मुंग्या आणते. आणि एखादा वीर संडास साफ करायची बाटली उचलतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल. पाच मिनिटांत पुंगळी स्वच्छ होते, दहा मिनिटांत गुलाबी. पितळ गुलाबी होणे ही सुधारणा नसून तक्रार आहे: आम्लाने पृष्ठभागातले जस्त उचलून नेले आणि नुसते तांबे मागे ठेवले. चिंचेतही पुंगळी दोन दिवस विसरली तर हाच रंग चढतो. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात एकदा खळबळून घेतली की आम्ल थंडावते, हे त्या बाटलीवर कोणी लिहिलेले नसते.

परदेशी छंदिष्टांनी घासण्याचे कष्टही यंत्रावर सोपवले आहेत. फिरत्या किंवा थरथरत्या डब्यात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या बुरकुंडांचा भरडा घालायचा, त्यात पुंगळ्या टाकायच्या आणि यंत्र तासन्‌तास घरघरत ठेवायचे. ओल्या पद्धतीत पाणी, साबण, सायट्रिक अ‍ॅसिड आणि स्टीलच्या बारीक सळ्या. ज्यांच्या पुंगळ्या हजारोंनी, ते सिमेंट कालवायचे मिक्सर यंत्र वापरतात. काहींनी उशीच्या अभ्र्यात पुंगळ्या बांधून बायकोच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकल्याच्या हकिकती आहेत. त्या हकिकतींचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. मक्याची बुरकुंडे नगर जिल्ह्यात कितीही मिळतील. अडचण पाण्याची. हिवरे बाजार इथल्याच तालुक्यात आहे, आणि तिथे गाव दरवर्षी पाण्याचे अंदाजपत्रक मांडते. त्यात 'पुंगळ्या धुणे' असा रकाना कोणी सुचवला तर ग्रामसभा काय म्हणेल, ते लिहिण्यासारखे नाही. सुकवण्याच्या बाबतीत मात्र नगर जगाला मागे टाकेल. एप्रिलमधले ऊन, पत्र्याचे छप्पर, पाऊण तास.

एक गोष्ट चेष्टेतली नाही. काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात शिशाचे संयुग असते आणि बार उडाल्यावर त्याची काजळी पुंगळीत राहते. म्हणून घासायचे पातेले, चाळणी, फडके एकदा या कामाला लागले की ते स्वयंपाकघरात परत येत नाही. चिंचवाल्या घराण्याला हा नियम सर्वांत जड जातो, कारण त्यांच्याकडचे पातेलेही आईकडचे असते.

आणि हे सगळे कशासाठी? अनुभवी नेमबाजाला विचारले तर तो सांगतो की पुंगळी स्वच्छ हवी. तिच्यावर वाळूचा कण, चिखल, काजळी नको. चकाकी असली काय, नसली काय, नेम तोच. तपकिरी पुंगळीतून सुटलेली गोळी वाटेत लाजत नाही. चकाकी लागते ती माणसाला. बरॅकीत बक्कलात तोंड दिसेपर्यंत ज्याला घासायला लावले, तो पेन्शनीत निघाल्यावरही काळवंडलेले पितळ पाहू शकत नाही. त्याच्यापुढे चिंचेचे नाव काढले की तो कपाटातून डबा काढतो: ब्रासो.

ब्रासो हा इंग्रजांचा १९०५ चा शोध. तो फौजेत शिरला तो अजून निघालेला नाही. जुनी बनियन फाडून केलेले फडके, दोन थेंब, गोल गोल हात, सुकू द्यायचे, मग कोरड्या फडक्याने झटका. नगरच्या कितीतरी घरांत हा वास म्हणजेच सव्वीस जानेवारी. पण पुंगळ्या पुन्हा वापरणारे लोक ब्रासोला दारातही उभे करत नाहीत. त्याला कारण त्यातला अमोनिया, आणि त्या भीतीचा उगम थेट हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात आहे.

इंग्रजी फौजेचा इथला जुना रिवाज असा की पावसाळा लागला की मोहिमा थंडावत. दारूगोळा भिजू नये म्हणून छपराखाली ठेवायचा, आणि मोठे छप्पर कुठले, तर तबेल्याचे. चार महिन्यांनी पेट्या उघडल्या की पितळी काडतुसांना भेगा पडलेल्या. त्याही नेमक्या मानेशी, जिथे पुंगळी गोळीला घट्ट आवळून धरते तिथे. ना कोणी आपटली, ना कोणी झाडली. ऋतू सरला की भेगा दिसत म्हणून 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. कोडे मात्र सुटेना. कोणी ओलाव्याला दोष दिला, कोणी पितळेला. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा धातुतज्ज्ञांनी शोधनिबंध लिहून खरा गुन्हेगार पकडला: घोड्याचे मूत. त्यातून सुटणारा अमोनिया, पावसाळ्याचा ओलावा आणि पुंगळी थंडपणी ओढून बनवताना तिच्या अंगात राहून गेलेला ताण, हे तीन एकत्र आले की पितळ आतून चिरत जाते. साम्राज्याचा दारूगोळा शत्रूने नव्हे, साम्राज्याच्याच घोड्यांनी निकामी केला होता. हिंदुस्थानात इंग्रजांविरुद्ध झालेल्या कारवायांत याची नोंद कोणत्याही इतिहासकाराने केलेली नाही, हा त्या घोड्यांवर अन्याय आहे.

पुढे घोडेच गेले. १९३८ साली सिंध हॉर्स ही पलटण घोड्यावरून उतरून गाड्यांवर चढली आणि पाठोपाठ बाकीचे घोडदळही. नगरच्या संग्रहालयातले रणगाडे, त्यातले १९६५ आणि १९७१ च्या लढायांतले पॅटनसुद्धा, या बाबतीत अगदी निरुपद्रवी. तेल गळेल, अमोनिया नाही. तबेल्यातून हाकललेला अमोनिया मात्र ब्रासोच्या डब्यातून बरॅकीत बिनबोभाट राहिला. बक्कलाला त्याचा त्रास नाही, कारण बक्कल जाड असते आणि त्याच्या अंगात ओढलेल्या पुंगळीएवढा ताण नसतो. सुटलेल्या पोटाच्या हवालदाराच्या बक्कलावर जो ताण असतो तो वेगळ्या जातीचा. त्यावर शोधनिबंध व्हायचा आहे.

त्या तिघांनी उपायही सांगितला: पुंगळी बेताने तापवा, अंगातला ताण निघून जाईल. साधारण अडीचशे अंश पुरतात. हे वाचून नगरच्या जुन्या गल्ल्यांतला कल्हईवाला आठवतो. खड्ड्यात भाता, कोळसे, भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर, कथलाचा एक वळसा आणि कापसाच्या बोळ्याचा फिरता हात. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणजे भांडे त्याहून थोडे जास्त तापलेच पाहिजे. केम्ब्रिजला न जाता हा माणूस हंड्यांच्या अंगातला ताण पिढ्यान्‌पिढ्या काढत होता, आणि तेही नवसागर या अमोनियाच्याच सख्ख्या नातलगाला हाताशी धरून. त्याची मजुरी काढताना मात्र घासाघीस ठरलेली. हाच तापवण्याचा प्रयोग पुन्हा वापरायच्या पुंगळीवर घरी कोणी करू नये. तिचे बूड तापून मऊ पडले तर ते बारच्या वेळी दगा देते.

के. के. रेंजच्या परिसरात पितळेची गोष्ट विनोदाच्या पलीकडे जाते. सरावानंतर मैदानात राहिलेले तुकडे भंगारात विकले जातात, आणि पितळेला, तांब्याला भाव चांगला. त्या आशेने आत शिरलेल्यांच्या हाती कधी न फुटलेला गोळा लागतो. तो फोडताना माणसे गेल्याच्या बातम्या नगरच्या वर्तमानपत्रांनी पुन्हा पुन्हा छापल्या आहेत. रिकामी पुंगळी कोणती आणि न फुटलेला गोळा कोणता, हे घासून ठरवण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही.

घरातली पुंगळी एकदा चकाकली की दुसरा प्रश्न उभा राहतो: ती तशी ठेवायची कशी? बोटांचे ठसे दोन दिवसांत तपकिरी होऊन उमटतात; कोणी कोणी फुलदाणी उचलली, याचा तपास सासूबाई त्यावरून लावतात. पारदर्शक लॅकर मारावे असे पेंटवाला सुचवतो. ते निवृत्त सुभेदारांना मान्य नसते. लॅकर मारले की घासायचे काय? मग दरवर्षी घासणे आलेच, आणि दरवर्षीच्या घासण्यात वरची अक्षरे बोथट होत जातात. आधी तारीख पुसते, मग पलटणीच्या नावातली वेलांटी, मग 'सप्रेम'. पन्नास वर्षांच्या प्रेमळ घासणीने सपाट झालेल्या अशा पुंगळ्या जगभरच्या संग्रहांत आहेत. अक्षरे गेली की माहिती तोंडी होते, आणि तोंडी माहितीला घासण्याचा उलटा गुण असतो: ती दरवर्षी वाढते. पंचवीस पौंडी तोफेची पुंगळी मध्यम तोफेची होते, सराव मैदानावरचा बार शकरगडच्या रणात उडू लागतो.

फक्त बुडाकडे कोणाचे लक्ष जात नाही. कारखान्याने तिथे तोफेचे माप आणि साल ठोकलेले असते, खोल, चिंचेला आणि ब्रासोला दाद न देणारे. आत गुलाब असल्यामुळे फुलदाणी सहसा कोणी उलटी करत नाही. पण एखाद्या दिवाळीत नातू मोरीत मदतीला बसतो, पुंगळी उपडी करतो, अंगठ्याने कोळ पुसतो आणि ओरडतो, "आबा, यावर तर सत्त्याहत्तर साल आहे. तुम्ही एकाहत्तरच्या लढाईतली म्हणता ना?"

आबा वर्तमानपत्र खाली करत नाहीत.

"कारखान्यात शिक्के मारायला तेव्हा उशीर व्हायचा," ते म्हणतात. मग जरा थांबून, आतल्या दिशेने आवाज चढवतात, "बुडाला चिंच लावायला कोणी सांगितलं होतं याला?"